गुडघा जावा, पण बॅच जाऊ नये

तुम्ही नुकतेच फिटनेस ट्रेनर झालाय, सर्टिफिकेट फ्रेम करून काउंटरमागे लावलंय, आणि चाळिशीच्या आत जिना उतरताना कठडा धरायची तुमची मनापासून इच्छा आहे. उत्तम! बेळगावसारखं गाव त्यासाठी शोधून सापडायचं नाही. गल्लीगणिक जिम आहे, पहाटेचा गारठा आहे, आणि तासावर पैसे देणारे मालक आहेत. शिस्तीत केलंत तर काही वर्षांत काम फत्ते.

आधी वेळापत्रक लावून घ्या. पहिली बॅच साडेपाचला, व्हॅक्सिन डेपोच्या बाजूला. तिथून बाईक काढून सातला वडगाव. साडेदहाला हिंदवाडीत महिलांचा झुंबा, कारण मुलं शाळेला आणि मिस्टर ऑफिसला गेल्याशिवाय तिथं कुणी फिरकत नाही. संध्याकाळी दोन बॅचेस, आणि मधल्या वेळेत पर्सनल ट्रेनिंगचे एखाद-दोन साहेब. जागतिक आरोग्य संघटना धडधाकट माणसाला आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तासाच्या पाच बॅचेस स्वतः उड्या मारत घेतल्यात की सोमवारी रात्रीच तुमचा आठवडा भरला. मंगळवारपासूनचं सगळं वरकड. विश्रांतीचीही सोय आहे: वडगावला निघताना दुसरं रेल्वे गेट पडतं, तेवढी मिनिटं हँडलवर डोकं टेकायला मोकळी. मालगाडी लांब असली तर दिवस चांगला.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक सेट मेंबरांबरोबर स्वतः करायचा. इथं कसूर नको. येळ्ळूर-कंग्राळीकडच्या तालमीतला जुना वस्ताद आठवा. तो काठावर बसायचा, पोरं आखाड्यात जोर-बैठका काढायची. कुणाचा गुडघा आत वळतोय, कोण श्वास कोंडतोय, हे त्याला बसल्या जागी दिसायचं, कारण त्याचं सगळं ध्यान पोरांवर असायचं. 'वस्ताद, तुम्ही पण मारा की शंभर सपाटे' असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. पोरांचंही तसंच. पहाटे घाम गाळायचा, मग मालिश, थंडाई, पोटभर जेवण आणि दुपारची झोप. झोप हा तालमीचाच भाग, तिला आळस म्हणत नसत.

तुम्ही असलं काही करू नका. तुम्ही पाच मिनिटं हाताची घडी घालून कुणाचं फॉर्म, म्हणजे व्यायामाची ढब, तपासत उभे राहिलात, की मागच्या ओळीतून आवाज येणारच: 'काय सर, आज नुसतं उभारलाय काय?' हजार रुपये फी भरलेल्या माणसाला ट्रेनरचा घाम दिसला नाही तर पैसे बुडाल्यासारखे वाटतात. त्यात तुमचं अंग हीच दुकानाची पाटी. पाटीवर कन्नड 60 टक्के आहे का, हे बघायला पालिकेची माणसं येतील. तुमच्या पोटावर चरबी किती टक्के, हे बघायला सगळी गल्ली येते.

शरीराचं शास्त्र फार वाचू नका. व्यायामाने स्नायू आधी झिजतो, आणि तो पुन्हा बांधला जातो तो विश्रांतीत. जड मेहनत झाली तर त्याला 48 ते 72 तास लागतात. टेंडनला, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीला, रक्ताचा पुरवठा कमी, म्हणून त्याचं दुखणं आठवड्यांत नाही, महिन्यांत हिशेब मागतं. मेंबरांना तुम्ही हेच सांगता: 'उद्या पाय नको, परवा करू.' चांगलं सांगता. फक्त उद्या सकाळी त्यांच्याऐवजी दुसरी बॅच पाय करायला आलेली असते, आणि पाय मात्र तुमचे तेच असतात.

उठल्या-उठल्या नाडी मोजायची सवय असेल तर मोडा. एरवी 60 असणारी नाडी आठवडाभर 68-70 दाखवायला लागली, रात्री अंग मोडून आलेलं असूनही झोप लागेना, वजन तेच असून बार जड वाटायला लागला, घरच्यांवर विनाकारण खेकसणं सुरू झालं, की समजा गाडी योग्य मार्गावर आहे. यालाच ओव्हरट्रेनिंग म्हणतात. पुढे गेलं तर सावरायला महिनोन्‌महिने लागतात. तुम्ही मात्र प्री-वर्कआउटचा, म्हणजे व्यायामाआधी घ्यायच्या पावडरीचा, डबा बदला. अडीच हजाराचा घ्या, त्यात कॅफीन जास्त असतं.

एक दिवस नडगीवर दुखेल. सगळीकडे नाही, बोटाच्या टोकाने दाखवता येईल अशा एकाच जागी. दाबलं की कळ थेट डोक्यात. ही कळ फार मोलाची, तिला घालवू नका. जिममध्ये म्हणतील 'शिन आहे हो, बर्फ लावा'. आत्या म्हणेल 'हाडवैद्याकडे जा', मामा म्हणेल 'एकदा मिरजेला दाखवून ये'. तुम्ही कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये जाऊन एक्स-रे काढा. रिपोर्ट नॉर्मल येईल. हाडाला गेलेली बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते. पण एमआरआयचा खर्च ऐकून कुणाची नडगी दुखायची थांबत नसेल तर तो माणूस बेळगावचा नव्हे. नॉर्मल रिपोर्टचा फोटो स्टेटसला टाका, खाली लिहा 'नो एक्स्क्यूज', आणि त्याच संध्याकाळी बॉक्स जंप घ्या. सुरुवातीला थांबला असतात तर सहा-आठ आठवड्यांत सुटका होती. आता चीर आरपार जाईपर्यंत वाट बघायची, मग प्लेट बसेल. विमानतळावर मशीन वाजायला लागतं, तेवढीच ओळख वाढते.

तोवर मेडिकलवाला आहेच. त्याला चिठ्ठी लागत नाही, 'दुखतंय' एवढं पुरतं. सकाळी उपाशीपोटी पेनकिलर, वर कॉफी, पाणी बेताचं, आणि लगेच दोन बॅचेस. किडनीला याहून चांगला व्यायाम नाही. खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊन कळ गप्प झाली की दुसऱ्याच दिवशी ओव्हरहेड प्रेस करा. टेंडन त्यामुळे कमजोर होतो खरा, पण त्याला आवाज नसतो, आणि डीजेत तो ऐकूही आला नसता. महिनाभराच्या सुट्टीनंतर एकदम पाचशे स्क्वॉट्सचं चॅलेंजही ठेवा. मग दोन दिवसांनी मांड्या दगड होतात आणि लघवी काळ्या चहाच्या रंगाची येते. ते मोडलेल्या स्नायूतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन किडनीतून चाललेलं असतं. मूर्ख माणूस त्याच घटकेला कॅज्युअल्टी गाठतो आणि सलाईन लावून घेतो. तुम्ही 'उष्णता झाली' म्हणून सब्जाचं पाणी प्या.

ताईंसाठी थोडं वेगळं. चार बॅचेस घ्यायच्या आणि दिवसभरात दोन फुलके, उकडलेलं अंडं आणि काकडी. मेंबर विचारतात 'मॅडम, तुमचं डाएट काय?', तेव्हा सांगायला बरं पडतं. खर्चलेल्याएवढं पोटात पडेना की शरीर आधी नसलं तरी चालेल ते खातं बंद करतं. पाळी दोन-तीन महिने येत नाही. ऑलिम्पिक समितीच्या डॉक्टरांनी 2014 मध्ये या प्रकाराला रीतसर नाव दिलं, तो पुरुषांतही होतो हेही सांगितलं, आणि हाडं पंचविशीतच पोकळ होऊ शकतात असा इशारा दिला. पण तिकडे लक्ष कशाला? पाळी गेली तर कटकट गेली, सुट्टी मागायचं एक निमित्त कमी. सासूबाई विचारतील, त्यांना गोड बातमीची आशा लागेल. तो प्रश्न मात्र तुम्हालाच निस्तरावा लागेल.

आवाज राहिलाच. माईक म्हणजे खर्च, मालक म्हणतो 'तुमचा आवाज दणदणीत आहे की'. तेव्हा पोटातून ओरडा: 'अजून एक!', 'इन्नोंदु!', 'एक और!', 'वन मोर!' चारही भाषांत शेवटचा असतो, आणि कुठल्याच भाषेत तो शेवटचा नसतो. स्वरतंतूंवर गाठी येतात, घसा बसतो, मेंबरांना तो भारदस्त वाटतो. स्पीकर मात्र फुल्ल ठेवा. 100 डेसिबलला कानांना सुरक्षित वेळ 15 मिनिटांची आहे म्हणे, म्हणजे वॉर्मअप संपेपर्यंत काही धोका नाही.

योगवाल्यांनी हसू नये. थंड अंगाने, प्रत्येक बॅचला पश्चिमोत्तानाचं, नि नेहमी उजव्याच बाजूने हनुमानासनाचं प्रात्यक्षिक द्या. बसायच्या हाडाजवळ मांडीची शीर अशी धरते की स्कूटरवर बसताना तुम्ही आपोआप पद्मासन शोधाल. बेळगावात सिव्हिल सर्जन राहिलेल्या डॉ. गोखल्यांच्या बोलावण्यावरून बी. के. एस. अय्यंगार 1937 मध्ये पुण्यात शिकवायला गेले, आणि पुढे दोर, विटा, घोंगड्या, खुर्च्या लावून प्रत्येकाला झेपेल तसं आसन करायची सोय काढून बसले. असली माणसं धंद्याला घातक.

सीझनचंही भान ठेवा. शरीरसौष्ठवाच्या 'श्री' स्पर्धेसाठी कटिंग, म्हणजे चरबी उतरवणं, चालू असताना, पाणी तोडलेल्या आठवड्यातच, एकही बॅच सोडायची नाही. मग शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत रात्रभर ढोल बडवायचा, आणि पहाटे तसंच साडेपाचला हजर. मंडळवाले कौतुक करतात. खांदा पुढच्या पावसात करतो.

आणि जेव्हा पाय खरोखरच टेकवेना, तेव्हा बदली माणूस लगेच मिळतो, त्याची काळजी नको. तुमच्याच बॅचमधला, दीड वर्षापूर्वी तुम्हीच स्क्वॉट शिकवलेला पोरगा असतो, बावीस वर्षांचा, गुडघे नवेकोरे. मेंबर पहिले चार दिवस 'सर, लवकर बरे व्हा' लिहितात, पाचव्या दिवशी ग्रुपवर त्याचे रील्स येतात. हजेरीपटावर तुमचं नाव कधीच नव्हतं, तुम्ही फ्रीलान्स. म्हणून ईएसआयचा कामगार विमा नाही, पगारी रजा नाही, आणि डॉक्टरने लिहून दिलेल्या सहा आठवड्यांच्या विश्रांतीचे पैसे कुणाकडे मागायचे, हा प्रश्न उभाच राहत नाही. तेव्हा मालकाला दुखण्याचं सांगायचंच असेल, तर महिना भरू द्या, झालेल्या तासांचे पैसे मोजून घ्या, खिशात घाला, आणि मग लंगडा.