कुटुंबाचं वर्ष पडद्यावर कसं आणावं

गेल्या आठवड्यात माझ्या मावसभावाने झाडून सगळ्या नातेवाइकांना घरी बोलावलं. किती दिवसांनी भेटणार, म्हणून जो तो हातातलं काम टाकून गेला. पोचलो तर पडदे ओढलेले, दिवे मालवलेले आणि टीव्हीवर ‘आमचं वर्ष’ नावाचा व्हिडिओ तयार. मागे पियानो. त्यांनी एकत्र घालवलेला वेळ बघण्यात आमचा एकत्र घालवायचा वेळ संपला. मध्येच मावशीने “कुणाला पाणी हवंय का?” असं विचारलं, तर तिला चहूबाजूंनी “शूऽऽ!” करण्यात आलं. तिच्याच घरात.

माझे तर डोळेच उघडले. आम्ही मंडळी इतकी वर्षं नुसतीच जगत होतो हो! जगल्याचा पुरावा म्हणाल तर काही नाही. तुमचं असं होऊ नये म्हणून त्या संध्याकाळी मिळालेलं ज्ञान इथे फुकट वाटतोय.

पहिला धडा. घरात काहीही अचानक घडू देऊ नका. मावसभावाचा धाकटा स्वयंपाकघराच्या दारात पहिल्यांदा चालला, तेव्हा तिथे फक्त काका होते. ते आनंदाने ओरडले. सगळे धावत आले आणि पहिला प्रश्न काय? “बाबा, फोन कुठे होता तुमचा?” फोन नव्हता, सबब ते पाऊल रद्द. अधिकृत पहिलं पाऊल पुढच्या रविवारी पडलं, खिडकीतून बरा उजेड येत असताना, नव्या कपड्यांत. तोवर पोरगं पळायला लागलं होतं, त्यामुळे त्याला अडखळायला लावणं जरा जड गेलं म्हणे. आणि त्याखाली अक्षरं आली : ‘अवघ्या अकराव्या महिन्यात!’ जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरोगी मुलं 8.2 ते 17.6 महिन्यांच्या दरम्यान कधीही एकटी चालायला लागतात असं आढळलं आहे, आणि काही मुलं तर गुडघ्यांवर रांगण्याचा टप्पाच गाळतात. ही माहिती मात्र घरात कुणाला कळू देऊ नका. ‘अवघ्या’ शब्दाची सगळी शान जाते.

थोरलीचा पहिला दात पडला तेव्हाही तेच. बिचारी रक्ताळलेला दात तळहातावर घेऊन दाखवायला आली, तर वहिनी म्हणाली, “थांब थांब, परत तोंडात ठेव, मी फोन आणते.” दुधाचे दात वीस असतात. अजून एकोणीस संधी बाकी होत्या. पण पहिला तो पहिला.

भांडण झाल्या झाल्या फोटो काढा. दात आवळलेले असतात, हसू छान येतं.

म्हाताऱ्या माणसांना फोटोत नेहमी कडेला बसवा. पुढे कापायला सोपं जातं.

आता मुख्य विषय. वर्षभरात घरातलं एक तरी काम स्वतःच्या हाताने काढा. काढा म्हणतोय, संपवा म्हणत नाही. काम किती वेळात होईल याचा माणसाचा अंदाज हमखास तोकडा पडतो. कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच या रोगाला नाव देऊन ठेवलंय. पुढे 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध कधी पुरा होईल असं विचारलं होतं. त्यांचा सरासरी अंदाज होता 34 दिवसांचा, लागले 55 च्या वर. पण त्या विद्यार्थ्यांना प्रबंध खरोखर पुरा करायचा होता, ही त्यांची चूक. मावसभावाने यावर तोड काढली आहे. कामाचा ‘आधी’चा फोटो काढायचा, काम निम्म्यावर आलं की ‘नंतर’चा काढायचा, आणि तिथेच थांबायचं.

त्याने दिवाणखान्यात पुस्तकांचं उंच कपाट करायला घेतलं. माझ्याकडे ड्रिल मशीन आहे ही बातमी नात्यात फुटलेली असल्याने मला फोन आला. मी गेलो. फळ्या धरल्या, भोकं पाडली, नाकातोंडात भुसा घेतला. ओळंबा लावून पाहिला तर कपाट एका अंगाला कललेलं, म्हणून सगळं उकलून पुन्हा जोडलं. हे चालू असताना साहेब काय करत होते? कॅमेऱ्याचा स्टँड लावत होते! मग माझ्या हातातून ड्रिल घेतलं, कपाळाला थोडा भुसा लावला (हो, लावला, बोटाने), आणि मला म्हणाला, “जरा बाजूला होतोस का? मध्ये येतोयस.” झालो बाजूला. व्हिडिओत त्या दृश्यावर शब्द आले : ‘आम्ही दोघांनी मिळून उभारलेलं स्वप्न’. दोघं म्हणजे तो आणि वहिनी. वहिनी त्या दिवशी घरातही नव्हती. ड्रिल अजून परत आलेलं नाही.

स्वतः जोडलेल्या वस्तूवर माणसाचा फाजील जीव जडतो. सुटे भाग घरी जोडायला लावणाऱ्या फर्निचर कंपनीच्या नावावरून याला आयकिया इफेक्ट म्हणतात, आणि 2012 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत खोकी जोडायला देऊन तो दाखवून दिलाय. त्याच प्रयोगांत असंही दिसलं की काम अर्धवट राहिलं की ही माया उरत नाही. खरं असेल. पण त्यातल्या लोकांना खोक्याचा व्हिडिओ काढायचा नव्हता ना!

सहलीला गेलात तर समोरचं दृश्य डोळ्यांनी बघू नका. लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयात लोकांना फिरवून पाहिलं. ज्या वस्तूंचे नुसते फोटो काढले, त्या लोकांना कमी आठवल्या, आणि ज्या निवांत पाहिल्या त्या जास्त. 2014 सालचं संशोधन आहे. म्हणजे बघा, फोटो काढला की विसरायला होतं, आणि विसरलं की फोटो बघावे लागतात. कुठे काही वाया जात नाही.

आणि एवढी उस्तवार जमत नसेल तर वर्षाचा आढावा सरळ यंत्रावर सोपवा. 2014 च्या डिसेंबरात फेसबुकने लोकांपुढे त्यांचं वर्ष असंच आपणहून मांडलं होतं. एरिक मायर या वेब डिझायनरची लहान मुलगी त्याच वर्षी गेली होती. त्याच्यापुढे तिचाच फोटो आला, भोवती नाचणारी चित्रं लावून. त्याने त्यावर लिहिलं, कंपनीच्या माणसाने माफीही मागितली. यंत्राला काय कळणार?

पण मावसभावाला कळत होतं. मला राग आहे तो याचा.

कारण याच वर्षी काका पडले होते. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी दोघांनी धरून त्यांना उभं केलं तेव्हा वेदनेने त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मग वॉकर, मग भिंतीचा आधार, मग काठी. मावशी रात्रीतून किती वेळा उठायची ते तिलाच ठाऊक. त्या घरात या वर्षी दोन माणसं चालायला शिकली, आणि त्यातल्या एकाचा त्या एवढ्या लांबलचक व्हिडिओत एकही फोटो नाही. का, तर “वातावरण जड होतं रे”. काका माझ्या शेजारीच बसले होते. शेवटपर्यंत टीव्हीकडे बघत होते. नातवाचं पाऊल आलं तेव्हा एवढंच म्हणाले, “हे ते नव्हे.”

अरे, त्यांना विचार ना एकदा, ते खरं पाऊल कसं पडलं होतं! पाहिलेला एकच माणूस आहे तुझ्या घरात, आणि तू त्याच्याशी फोनवरून भांडतोस? एवढी वीस-पंचवीस माणसं जमवलीस, कुणाला कुणाशी धड दोन वाक्यं बोलू दिली नाहीस. लेकीला पडलेला दात परत तोंडात घालायला लावलात, लाज नाही वाटली? आणि ज्या आईने वर्षभर सगळ्यांचं केलं, तिला पाणी विचारलं म्हणून गप्प बसवता!

राहता राहिलं ते कपाट. मी त्या दिवशी मागे हात घालून पाहिलं. ते भिंतीला अजून ठोकलेलंच नाही, नुसतं टेकवून ठेवलंय. घरात एक पोर मिळेल ते धरून वर चढायला बघतंय आणि एक म्हातारा माणूस मिळेल त्याचा आधार घेत चालतोय. डोक्यात येतंय का काही? पुढच्या वर्षीचा व्हिडिओ, पियानो, सगळं नंतर. आज संध्याकाळी आधी ते भिंतीला ठोक. स्क्रू सगळ्यात खालच्या खणात ठेवलेत. ड्रिल तुझ्याकडेच आहे.