एएमएच 2.1 असूनही पोटात पाणी का झालं?

तुम्ही लिहिलंय, कोथरूडच्या तुमच्या वहिनींचं आयव्हीएफच्या वेळचं एएमएच (ओव्हरीतला अंड्यांचा साठा दाखवणारं हार्मोन) 2.1, ट्रिगरच्या (अंडी पक्व करणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनच्या) दिवशीचं इस्ट्राडिओल (वाढत्या अंड्यांबरोबर वाढणारं हार्मोन) 1,700. दोन्ही 'सेफ' म्हणून सांगितले, तरी फ्रेश ट्रान्सफरनंतर (त्याच पाळीत गर्भ गर्भाशयात सोडल्यावर) आठव्या दिवशी पोट फुगलं, धाप लागली; म्हणजे ओएचएसएस, इंजेक्शनांनी ओव्हरी जास्त उत्तेजित होऊन पोटात पाणी साचणं. म्हणजे या रक्ततपासण्या नुसती लॅबवाल्यांची कमाई, असं तुमचं म्हणणं. राग रास्त आहे, आणि एएमएच 3.4 च्या वर म्हणजे धोका, असं मी आधी मोघम लिहिलं होतं ही माझी चूक. पण तपासण्या निरुपयोगी, हे मला मान्य नाही.

तुम्हीच दिलेले तपशील बघा. एएमएच काढलं तेव्हा गर्भनिरोधक गोळ्या चालू होत्या. त्या काळात ते खरं असतं त्यापेक्षा कमी येतं. इंजेक्शनांबरोबर लेट्रोझोलची गोळी होती. ती इस्ट्राडिओल फारसं तयार होऊ देत नाही, त्यामुळे फॉलिकल (ओव्हरीतल्या अंड्यांच्या पिशव्या) कितीही असोत, आकडा खालीच राहतो. आणि सोनोग्राफीत फॉलिकल होते 26! त्या दिवशी विश्वास ठेवायचा तो सोनोग्राफीवर.

मुख्य गोष्ट मात्र वेगळीच आहे. ओव्हरी नुसत्या सुजल्यानं पोटात पाणी होत नाही. एचसीजी या गरोदरपणाच्या हार्मोनमुळे व्हीईजीएफ नावाचं प्रथिन वाढतं, रक्तवाहिन्या पाझरू लागतात. हे एचसीजी दोनदा येतं: आधी ट्रिगरचं, ज्याचा त्रास साधारण आठवडाभरात दिसतो, मग गर्भ रुजल्यावर त्याचं स्वतःचं. वहिनींचा त्रास ट्रिगरपासून मोजला तर पंधराव्या दिवशीचा, म्हणजे दुसऱ्या प्रकारचा. ट्रिगरच्या दिवशीच्या रक्तात तो कसा दिसणार?

26 फॉलिकल दिसल्यावर इंजेक्शनांची पद्धत अँटागोनिस्ट प्रोटोकॉल असेल तर एचसीजीऐवजी ल्युप्रोलाइडसारखा अ‍ॅगोनिस्ट ट्रिगर देता येतो, तो पिट्युटरीला (मेंदूखालच्या ग्रंथीला) तिचं स्वतःचं हार्मोन सोडायला लावतो (लाँग प्रोटोकॉल या दुसऱ्या पद्धतीत तो चालत नाही, पिट्युटरी आधीच दबलेली असते). सगळे एम्ब्रियो (गर्भ) फ्रीझ करायचे, ट्रान्सफर पुढच्या एखाद्या पाळीत. जोडीला रक्तवाहिन्यांचं पाझरणं कमी करणारी कॅबरगोलिनची गोळी 0.5 मिग्रॅ रोज, ट्रिगरच्या दिवसापासून आठवडाभर. फ्रेश ट्रान्सफर टाळला असता तर हा उशिराचा त्रास जवळजवळ टळलाच असता.

घरी रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करायचं, बेंबीवरून टेप लावून घेर लिहायचा. दिवसात किलोभर वजन वाढलं, लघवी कमी झाली किंवा आडवं झाल्यावर धाप लागली, तर सकाळची ओपीडी गाठायची वाट बघू नका.

पोट फुगल्यावर त्यांचं इस्ट्राडिओल पुन्हा काढलं, असं तुम्ही म्हणता. तेव्हा त्याचा उपयोग नव्हता. हवा होता साधा सीबीसी, रक्तपेशींची तपासणी. त्यातलं हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) 45 टक्क्यांच्या वर गेलं की रक्त घट्ट होतंय, गुठळीची भीती आहे, हे कळतं.