एक स्पेस आणि अख्खी दुपार

सोलापूरचा मे महिना, पारा ४३ वर, इन्व्हर्टर कण्हतोय आणि स्क्रीनवर पुन्हा तेच: ‘नो सच फाईल’. अरे, आहे की फाईल! डोळ्यांसमोर आहे! नाव ‘चादर डिझाईन फायनल’. पण शेलसाहेबांना, म्हणजे आपल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामला, नावात स्पेस दिसली की ते एका फाईलच्या तीन करणार: चादर, डिझाईन, फायनल. मग तिघींना शोधत गावभर हिंडणार.

कारण काय, तर स्क्रिप्टमध्ये, म्हणजे शेलला दिलेल्या कमांडच्या यादीत, कुणीतरी फाईलचं नाव धरणाऱ्या व्हेरिएबलला अवतरणचिन्हं लावली नाहीत. दोन चिन्हं, बस! बोटं झिजली असती का? शेंगाचटणीत मीठ विसरत नाही ना कुणी?

मागच्या महिन्यात तर कहर. ‘बिल्ड जुनं’ फोल्डर उडवायचं होतं. स्क्रिप्टनं इमानदारीत ‘बिल्ड’ उडवलं. ‘जुनं’ नावाचं काही सापडलं नाही, तर आरएम -आरएफ ही न विचारता उडवणारी कमांड त्यावर चकार शब्द बोलेना. आणि ‘बिल्ड जुनं’ तिथंच, ढिम्म!

मेकचं, म्हणजे प्रोग्राम बांधून देणाऱ्या साधनाचं, तर नावच काढू नका. १९७६ सालचं खोड. त्याला अवतरणचिन्हं लावा नाहीतर हळदीकुंकू, स्पेस दिसली की तुकडे ठरलेलेच.

“नावात स्पेस द्यायचीच कशाला?” म्हणे. ओ अण्णा, एमआयडीसीतला कारखानदार डिझाईन पाठवताना अंडरस्कोर शोधत बसणार का? आत्ताच त्याची नवी फाईल आलीय. ‘चादर डिझाईन फायनल (खरंच फायनल)’.

आता कंससुद्धा.