‘देवावर रुसला म्हणून नास्तिक झाला’? फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

सणासुदीचे दिवस आले की ठाण्या-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. शब्द बदलतात, मजकूर तोच. श्रद्धाळू घरातला माणूस म्हणे चार कारणांनी नास्तिक होतो: घरात आघात झाला म्हणून देवावर रुसतो, फार शिकल्याने डोकं फिरतं, बंधनं नकोशी होतात, नाहीतर पाश्चात्त्यांचं खूळ लागतं. आणि मरणाच्या दारात असे सगळे देवाचंच नाव घेतात. ज्यांच्या घरात पूजेला न बसणारा मुलगा किंवा सून आहे, ते हा मेसेज मनाला लावून घेतात आणि त्याच समजुतीने त्या माणसाशी बोलायला जातात. तिथेच बिनसतं.

‘आघात झाला म्हणून देवावर रुसला’

रुसायला समोर कुणीतरी असावं लागतं. जनाबाईंनी विठोबाला शिव्या घातल्या, तरी त्या विठोबाच्याच राहिल्या. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ ज्युली एक्सलाइन यांनी देवावरच्या रागाचा बरीच वर्षं अभ्यास केला आहे, आणि असा राग श्रद्धाळू माणसांमध्ये भरपूर आढळतो. आघाताने माणूस बहुधा देवाकडेच वळतो. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला 22 फेब्रुवारी 2011 रोजी भूकंप झाला, 185 माणसं गेली. त्या देशात धर्म मानणाऱ्यांचं प्रमाण तेव्हा घटत होतं. भूकंपाची झळ बसलेल्यांमध्ये मात्र ते वाढलं. आपल्याकडे आयसीयूबाहेरच्या बाकांवर हेच दिसतं. कुणाच्या हातात पोथी, कुणाच्या पाकिटात अंगारा, कुणी मनातल्या मनात नवस बोलतंय.

आघाताचा संबंध असतो, पण तो वेगळ्या वाटेने येतो. तरुण मुलगी गेलेल्या घरात तेराव्यापर्यंत माणसं भेटायला येतात. एक म्हणतात, देवाला आवडली म्हणून नेली. दुसरे म्हणतात, मागच्या जन्मीचे भोग. तिसरे म्हणतात, देव परीक्षा पाहतोय. सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण आवड, शिक्षा आणि परीक्षा ही एकाच मरणाची तीन निराळी कारणं झाली. बापाच्या मनात ती साचून राहतात आणि कधीतरी, कित्येकदा काही वर्षांनी, तो विचारतो की यातलं खरं कोणतं आणि ते कुणाला कसं कळलं. या प्रश्नाला राग म्हणणं मला नुसतं चूक नाही, निष्ठुर वाटतं.

‘फार शिकला, डोकं फिरलं’

हा मुद्दा नास्तिकांनाही सुखावतो, म्हणून तो जास्त काटेकोरपणे तपासला पाहिजे. 2012 मध्ये मानसशास्त्रज्ञ विल जर्वेस आणि आरा नोरेनझायान यांचा एक प्रयोग गाजला: फ्रेंच शिल्पकार रोदँच्या विचारात गढलेल्या पुतळ्याचं चित्र पाहिल्यावर विद्यार्थ्यांनी देवावरचा विश्वास कमी असल्याचं सांगितलं. 2017 मध्ये इतरांनी तोच प्रयोग कितीतरी जास्त माणसांवर करून पाहिला. परिणाम दिसलाच नाही. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतल्या पाहणी करणाऱ्या संस्थेने 2019-20 मध्ये भारतात सुमारे 30,000 लोकांना विचारलं, तेव्हा 97 टक्क्यांनी देव मानतो असं सांगितलं. यात डॉक्टर-इंजिनियरही आलेच. इस्रोचे प्रमुखसुद्धा उड्डाणाआधी यानाची प्रतिकृती घेऊन तिरुपतीला जातात.

मग कारण काय? जर्वेस आणि सहकाऱ्यांनीच 2021 मध्ये अमेरिकेत देशभरातून निवडलेल्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सगळ्यांत ठळक निघालेली गोष्ट अशी: अश्रद्ध माणसाने लहानपणी घरच्या मोठ्यांना श्रद्धेपायी स्वतः काही करताना, झीज सोसताना फारसं पाहिलेलं नसतं. चिकित्सक बुद्धीचा वाटा त्यामानाने किरकोळ.

अभ्यास तिथला, पण घणसोलीतल्या एखाद्या वन बीएचकेत पाहा. देवघर फ्रिजच्या वर, प्लायच्या फळीवर. प्लगला लावलेली एलईडी समई दिवसरात्र चालू. वडील ठाणे लोकल पकडायच्या घाईत बूट घालता घालता म्हणतात, ‘बाप्पाला नमस्कार केलास का?’ स्वतः करत नाहीत, वेळ नसतो. चातुर्मासात कांदा-लसूण-वांगं सोडणारी, एकादशीला पाण्यावर राहणारी आजी गावाला. मुलाने नमस्काराची सूचना ऐकली. त्या देवासाठी कुणी पोटाला चिमटा घेतलेला पाहिला नाही. उलट दिवाळे-सारसोळ्यासारख्या गावठाणातलं मूल चैत्रात एकवीरेच्या पालखीबरोबर कार्ल्यापर्यंत चालत जाणारा काका पाहतं, परत आल्यावर त्याच्या तळपायाचे फोड पाहतं. ते मूल पुढे कितीही शिकलं तरी सहसा देवी सोडत नाही. पहिल्या मुलाने देव सोडलेला नसतो. त्याच्यापर्यंत देव पोचलेलाच नसतो. त्याला वादात हरवून काही होत नाही, कारण तो वादातून तिथे आलेला नाही.

कडक धार्मिक घरांतून बाहेर पडणारे थोडे, आणि त्यांची गोष्ट निराळी. कॅनडातल्या बॉब अल्टमायर आणि ब्रूस हन्सबर्गर या मानसशास्त्रज्ञांनी 1997 मध्ये अशा विद्यार्थ्यांविषयी लिहिलं. खोटं बोलू नये, सत्य सोडू नये ही शिकवण या मुलांनी मनापासून घेतली होती, आणि तीच कसोटी त्यांनी धर्मग्रंथालाही लावली. अशी माणसं एका झटक्यात बाहेर पडत नाहीत. शंका आली की आधी जप, पारायण वाढवतात. मग जाणत्या माणसाला विचारतात. तिथे ‘असलं विचारू नये’ असं ऐकायला मिळालं की गप्प बसतात, पूजा करत राहतात आणि हळूहळू तीही सुटते. घरच्यांना शेवटचाच टप्पा दिसतो, म्हणून सगळं अचानक झाल्यासारखं वाटतं.

‘बंधनं नकोत, मजा हवी’

आगरकर अज्ञेयवादी होते, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारे. एम.ए. असून कमी पगारावर मास्तरकी केली, दम्याने खंगले आणि पुण्यात स्वतःची प्रेतयात्रा जिवंतपणी निघालेली पाहिली. र. धों. कर्व्यांना संततिनियमनाच्या प्रचारापायी प्राध्यापकी सोडावी लागली. मग त्यांनी 1927 पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक पदरमोड करून चालवलं. यात मजा कुठे आहे?

आजही सोयीचं काय आहे ते बघा. लग्नाच्या स्थळाला ‘मी देव मानत नाही’ म्हणून सांगणं, आईच्या डोळ्यांत पाणी आणणं, की मुकाट्याने आरतीत टाळ्या वाजवणं? 2011 च्या जनगणनेत सगळ्या देशातून नास्तिक म्हणून नोंदले गेले फक्त 33,304 लोक, आणि त्यांत जवळपास निम्म्या बायका होत्या.

घरात बिघडतं ते बहुधा वेळेमुळे. गणपती बसायच्या आदल्या रात्री जाहीर केलं की आईला वाटतं, पोराने मलाच नाकारलं. सण नसताना, आधी एकाच माणसाशी बोलावं आणि नेमकं सांगावं: मोदक वळीन, पाहुण्यांचं बघीन, आरतीला उभा राहीन, पूजा सांगायला, संकल्प सोडायला बसणार नाही. मोठ्यांनीही निदान तेवढं मान्य करावं. धार्मिक विधी नको असेल तर विशेष विवाह कायदा, 1954 आहे. दोघांपैकी एकजण किमान 30 दिवस ज्या जिल्ह्यात राहिला आहे, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, आणखी 30 दिवस थांबायचं, तीन साक्षीदार न्यायचे. तारीख आणि हॉल आधी ठरवून नोटीस उशिरा दिली की पंचाईत होते. फॉर्मवर धर्म लिहिण्याची सक्ती सरकार करू शकत नाही, ‘धर्म नाही’ असंही लिहिता येतं, हे मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2014 मध्ये स्पष्ट केलं आहे.

‘पाश्चात्त्यांचं खूळ’

देव आणि परलोक नाकारणारे चार्वाक इथलेच. वेद प्रमाण मानणाऱ्या मीमांसकांनीही जगाचा कर्ता म्हणून ईश्वर मानला नाही. कुमारिल भट्टांनी त्याविरुद्ध युक्तिवाद केले. प्यूच्या त्याच पाहणीत भारतातल्या सुमारे एक तृतीयांश बौद्धांनी देव मानत नाही असं सांगितलं, आणि ते आपला धर्म पाळणारे लोक आहेत.

‘मरताना देवाचंच नाव घेतात’

काहीजण घेतात, त्यात गैर काही नाही. सगळे घेतात हे खोटं. भगतसिंग आर्यसमाजी घरातले, लाहोरच्या डीएव्ही शाळेच्या वसतिगृहात तासन्‌तास गायत्री मंत्र म्हणणारे. 1926 च्या अखेरीस त्यांची देवावरची श्रद्धा पूर्ण गेली. अहंकारामुळे नास्तिक झालास, असं तुरुंगात ऐकावं लागलं तेव्हा ऑक्टोबर 1930 मध्ये त्यांनी त्याला लेखी उत्तर दिलं. त्याच महिन्यात त्यांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. ते 23 वर्षांचे होते आणि प्रार्थना केली तर धीर येईल हे त्यांना कळत होतं, तरी केली नाही.

मरणाबद्दल घरच्यांनी नास्तिक माणसाशी बोलायचंच असेल तर ते त्याच्या इच्छेबद्दल बोलावं, आणि तो धडधाकट असताना. नेत्रदान साधारण सहा तासांच्या आत व्हावं लागतं. देहदानाचा फॉर्म भरलेला असला तरी ऐनवेळी जवळच्या नातेवाइकांनी नकार दिला तर देह जात नाही, आणि पोस्टमॉर्टेम झालेलं असेल तर वैद्यकीय महाविद्यालय घेत नाही. कळव्याच्या राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी शरीररचनाशास्त्र विभागात आधीच चौकशी करून ठेवावी आणि फॉर्मची एक प्रत, दहाव्या-तेराव्याला विरोध करू शकेल अशा नातेवाइकालाच वाचायला द्यावी.