दुपारी मान टाकलेल्या झाडांबद्दल खुलासा

गेल्या आठवड्यात मीच टाकलेली पोस्ट आता स्क्रीनशॉट होऊन सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतेय, "उन्हाळा लागला, दुपारी पानं मान टाकताना दिसली की लगेच तांब्याभर पाणी घाला". चूक माझीच, घाईत अर्धवट लिहिलं.

खरं असं आहे की कडक उन्हात पानांतून पाणी जितक्या वेगाने उडतं तितक्या वेगाने मुळं ते वर चढवू शकत नाहीत, म्हणून जास्वंद, तुळस, भोपळ्याचा वेल माती ओली असली तरी एक-दोन वाजता लुळे पडतात आणि ऊन उतरलं की आपोआप ताठ होतात. सकाळीही पानं तशीच लोंबत असतील तर मात्र आधी माती बघा. बोट दोन पेरं आत घाला, कोरडं लागलं तरच पाणी, ओलं लागलं तर हात आवरा. माती ओली आणि पानं तरी लोंबतायत म्हणजे बहुतेक मुळं कुजतायत, तिथे अजून पाणी घालणं म्हणजे उपचाराच्या नावाखाली बुडवणंच.

हे कळलं कसं, तर माझ्याच गच्चीवरचा गुलाब गेला. रोज दुपारी पाणी घालत होतो, शेवटी कुंडी उलटी केली तर मुळं काळी, बुळबुळीत आणि गटारासारखा वास.

पाणी सकाळी लवकरच घाला, मातीवर वाळक्या पानांचा जाडसर थर द्या, काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या जरा सावलीत सरकवा, त्या फार तापतात. आणि तो स्क्रीनशॉट प्लीज पुढे पाठवू नका, कोणी पाठवला तर त्याखाली हे चिकटवा.