सीएसआरएफचे दोष कागदोपत्रीच उरले आहेत काय?

वर्डप्रेसवर संकेतस्थळे चालवणाऱ्यांमध्ये एक मजकूर वरचेवर फिरत असतो. प्लगिनमध्ये, म्हणजे वर्डप्रेसला जोडायच्या पूरक प्रोग्राममध्ये, सीएसआरएफचा (क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी, म्हणजे परक्या पानावरून वापरकर्त्याच्या नावे खोटी विनंती पाठवणे) दोष सापडल्याची सूचना आली तरी घाबरू नये, असा त्याचा आशय असतो. हल्लेखोराकडे पासवर्ड नसतो. घडलेच तर एखादी सेटिंग बदलते. कुकी (ब्राउझरमध्ये साठवलेली ओळखीची खूण) परक्या पानावरून निघालेल्या विनंतीबरोबर जाण्यावर बंधन घालणाऱ्या ‘सेमसाइट’ या सोयीमुळे ब्राउझरांनी हा प्रश्न केव्हाच मिटवला आहे. वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेनेही तो आपल्या पहिल्या दहा धोक्यांच्या यादीतून वगळला आहे. तेव्हा अपडेट सवडीने केले तरी चालते, असे त्यात म्हटलेले असते. यातील जवळजवळ प्रत्येक विधानात थोडे तथ्य आहे, आणि म्हणूनच शेवटचा सल्लाही सहज गळी उतरतो.

हल्लेखोराकडे पासवर्ड नसतो हे खरे, पण त्याला तो लागतच नाही. ॲडमिन एका टॅबमध्ये डॅशबोर्डवर लॉग-इन असतो आणि प्रतिक्रियेत आलेला दुवा तपासण्यासाठी दुसऱ्या टॅबमध्ये भलतेच पान उघडतो. त्या पानात दडवलेला फॉर्म त्याच्याच संकेतस्थळाकडे आपोआप रवाना झाला आणि ब्राउझरने त्याला लॉग-इनची कुकी जोडली, तर सर्व्हरच्या दृष्टीने ती ॲडमिनचीच विनंती ठरते. एचटीटीपीएसचा येथे उपयोग नाही, आणि फायरवॉललाही ओळखीच्या आयपी पत्त्यावरून आलेली, वैध कुकी असलेली नेहमीची विनंतीच दिसते.

‘फार तर एखादी सेटिंग बदलते’ या विधानाबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे. एप्रिल 2020 मध्ये ‘रिअल-टाइम फाइंड अँड रिप्लेस’ या 1 लाखाहून अधिक संकेतस्थळांवर असलेल्या प्लगिनमधील दोष उघड झाला. पान वाचकाकडे जाताना त्यातील एक मजकूर काढून दुसरा घालणे, एवढेच या प्लगिनचे काम. त्यासाठीचे नियम जतन करणाऱ्या फंक्शनमध्ये विनंतीचा उगम तपासलेला नव्हता. त्यामुळे प्रत्येक पानाच्या आरंभी असणारा ‘हेड’ हा टॅग शोधावा आणि त्याजागी आपली स्क्रिप्ट जोडलेला टॅग घालावा, असा एकच नियम ॲडमिनच्या नकळत जतन करवून घेतला की ती स्क्रिप्ट जवळजवळ प्रत्येक पानावर चालू शकत होती. बदलत होती ती एक सेटिंगच.

त्याच वर्षी जानेवारीत 2 लाखांहून अधिक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या ‘कोड स्निपेट्स’ या, संकेतस्थळात कोडचे तुकडे घालू देणाऱ्या प्लगिनमध्ये जे आढळले ते याहून बोलके आहे. लेखकाने बहुतेक सर्व ठिकाणी विनंतीच्या उगमाची तपासणी ठेवली होती; इम्पोर्टच्या ठिकाणी तेवढी ती राहून गेली. आयात केलेला कोड आपोआप निष्क्रिय राहील अशी व्यवस्थाही होती, पण आयात होणाऱ्या जेसन (माहिती लिहिण्याची एक ठरावीक पद्धत) मजकुरातच ‘सक्रिय’ ही खूण घालता येत असल्याने ती निरुपयोगी ठरली आणि सर्व्हरवर हवा तो पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे ती) कोड चालवण्याचा मार्ग मोकळा झाला.

सेमसाइटचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे आणि तो अंशतः मान्य करायला हवा. ज्या कुकीवर सेमसाइटचा उल्लेख नाही ती ‘लॅक्स’, म्हणजे सैल बंधनाची, मानण्याचा नियम क्रोमने फेब्रुवारी 2020 मध्ये, 80 व्या आवृत्तीपासून आणला, आणि त्यामुळे परक्या पानावरून ‘पोस्ट’ (फॉर्मची माहिती पाठवणाऱ्या) विनंतीने होणारे बरेच हल्ले खरोखर अडले. (कोविडच्या काळात अत्यावश्यक संकेतस्थळे बंद पडू नयेत म्हणून एप्रिलमध्ये तो तात्पुरता मागेही घेतला गेला, म्हणजे ‘रिअल-टाइम फाइंड अँड रिप्लेस’मधील दोष उघड झाला नेमक्या त्याच महिन्यात.) परंतु वर्डप्रेस आपल्या लॉग-इन कुकीवर सेमसाइट स्वतः लावत नाही, त्यामुळे सारा भरवसा ब्राउझरच्या मर्जीवर राहतो, आणि फायरफॉक्स व सफारी यांनी हा नियम सरसकट स्वीकारलेला नाही. क्रोममध्येही नुकत्याच मिळालेल्या अशा कुकीला पोस्टसाठी 2 मिनिटांची सवलत आहे. शिवाय दुव्यावरून थेट उघडलेल्या ‘गेट’ (पान मागवणाऱ्या) विनंतीबरोबर लॅक्स कुकी जातेच, आणि ‘ही नोंद काढून टाका’ यासारखे काम साध्या दुव्यावर ठेवणारी प्लगिने काही थोडी नाहीत. पीएचपीतील ‘रिक्वेस्ट’ या चलातून माहिती वाचली की पोस्टसाठी लिहिलेला फॉर्मही गेटने चालून जातो. एकाच डोमेनखालील उपडोमेन ब्राउझर सहसा एकच ‘साइट’ मानतो, तेव्हा त्यांपैकी एक जरी परक्याच्या ताब्यात गेले तरी सेमसाइटचे कुंपण आतून उघडते.

ओवॅस्पने 2017 च्या यादीतून सीएसआरएफ वगळला, कारण बहुतेक फ्रेमवर्कमध्ये (संकेतस्थळे बांधण्याच्या तयार सांगाड्यांमध्ये) त्यापासूनचे संरक्षण अंगभूत आले होते. जँगो किंवा लाराव्हेल या फ्रेमवर्कमध्ये ते मुळातच चालू असते. वर्डप्रेसमध्ये फॉर्ममध्ये नॉन्स घालणे आणि तो हाताळणाऱ्या फंक्शनमध्ये तपासणे ही दोन्ही कामे प्लगिनच्या लेखकाने स्वतः करायची असतात. (नॉन्स म्हणजे परक्या पानाला ठाऊक नसलेला, एकदाच वापरायचा आकडा, वर्डप्रेसचा मात्र 24 तासांपर्यंत पुन्हा पुन्हा चालतो.) त्यात नेहमी आढळणारी चूक अशी : ‘नॉन्स आला असेल आणि तो चुकीचा असेल, तर थांबा’, अशी अट लिहिली जाते. नॉन्स पाठवलाच नाही, तर ही अट लागूच होत नाही आणि विनंती पुढे सरकते. नॉन्स बरोबर असला तरी वापरकर्त्याला ते काम करण्याचा अधिकार आहे का, हे वेगळे तपासावेच लागते.

राहता राहिला अपडेट सवडीने करण्याचा सल्ला. ‘रिअल-टाइम फाइंड अँड रिप्लेस’च्या लेखकाने दोष कळला त्याच दिवशी दुरुस्त आवृत्ती काढली होती. वर्डप्रेसच्या भांडारात जुनी आणि नवी आवृत्ती कुणालाही शेजारी शेजारी ठेवून पाहता येते, आणि अशा दुरुस्तीत वाढलेल्या नॉन्स-तपासणीच्या ओळीच भोक नेमके कोठे होते ते दाखवून देतात. त्या ओळी वाचायला हल्लेखोराला सवड काढावी लागत नाही.