म्युझिक प्लेयर पारखताना डॅक चिप सगळ्यात शेवटी बघा

म्युझिक प्लेयर घ्यायचा विषय निघाला की चर्चा थेट डॅक चिपवर, म्हणजे डिजिटल फाइलचं विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या चिपवर, आणि किलोहर्ट्झच्या आकड्यांवर जाते. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. चिपा आता बहुतेक पुरेशा चांगल्या असतात. रोजच्या वापरात प्लेयर नकोसा होतो तो बटणं, सॉफ्टवेअर आणि बॅटरीमुळे, म्हणून तपासणी तिथूनच सुरू करावी.

आधी प्लेयर खिशात घाला आणि न बघता गाणं थांबवा, पुढचं लावा, आवाज कमी करा. नुसता टचस्क्रीन असेल तर प्रत्येक वेळी बाहेर काढावा लागेल, आणि चालताना, गर्दीत ते फार जाचतं. आवाजाची पहिली पायरीही बघून घ्या. संवेदनशील इअरफोनवर एकवरच कान भरत असतील तर रात्री ऐकणं विसरा.

मग मागची सूंसूं. शांत खोलीत बसा, पण गाणं पॉज करून तपासू नका. बरेच प्लेयर पॉज होताच ॲम्प्लिफायर बंद करतात आणि दोष लपून जातो. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ३० सेकंदांची निव्वळ शांततेची फाइल बनवा आणि ती वाजवा. जे ऐकू येईल ते प्लेयरचं स्वतःचं.

ज्या आकड्याला खरंच किंमत आहे तो म्हणजे आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे इअरफोनकडे जाणाऱ्या विजेला प्लेयरचा स्वतःचा अडथळा. इअरफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या हिश्श्याहून तो कमी हवा, म्हणजे १६ ओहमच्या इअरफोनला २ ओहमच्या आत. कारण सोपं आहे. एकाहून जास्त ड्रायव्हर (आवाज काढणारे छोटे स्पीकर) असलेल्या इअरफोनचं इम्पिडन्स सुरागणिक बदलतं. समजा ते कुठे १० ओहम, कुठे ४० ओहम आहे आणि प्लेयरचं १० ओहम. मग एका ठिकाणी निम्माच व्होल्टेज पोचतो, दुसरीकडे ८० टक्के. हा तब्बल ४ डेसिबलचा फरक झाला. इअरफोन तोच, पण आवाजाचा तोल पार बदलतो, आणि लोक त्यालाच ‘प्लेयरचा उबदार आवाज’ म्हणतात!

गॅपलेसबद्दल, म्हणजे एका फाइलवरून दुसरीवर खंड न पडता जाण्याबद्दल, मी आग्रही आहे. एमपीथ्री बनवताना फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटाला थोडी शांतता चिकटते. लेमसारखे एन्कोडर (एमपीथ्री बनवणारे प्रोग्राम) ती किती ते फाइलमध्ये लिहून ठेवतात, पण प्लेयरने ते वाचून तेवढा भाग कापायला हवा. फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घटवता आकार कमी करणाऱ्या फाइलींत, ही अडचण नाही, तरी पुढची फाइल उघडायला उशीर झाला की खंड पडतोच. तानपुऱ्याचं सलग रेकॉर्डिंग मधोमध कापून दोन फाइली करा आणि लागोपाठ वाजवा. सांध्यावर सूर क्षणभर जरी तुटला तरी कळतं. मैफलींची रेकॉर्डिंग ऐकणाऱ्याने अशा प्लेयरच्या वाटेला जाऊ नये.

वीस गाणी भरून प्लेयर कळत नाही, अख्खा संग्रह भरा. एमपीथ्री ३२० केबीपीएसला तासाला सुमारे १४४ एमबी लागतात, सीडीच्या दर्जाच्या फ्लॅकला साधारण ३०० ते ४००. हजारो गाण्यांची यादी तयार व्हायला किती वेळ लागतो आणि स्क्रोल करताना अडखळतं का, ते बघा. कव्हरचं चित्र दिसत नसेल तर ते बहुधा प्रोग्रेसिव्ह जेपेग असतं, हा प्रकार बऱ्याच प्लेयरना उघडता येत नाही. ५०० बाय ५०० पिक्सेलचं बेसलाइन, म्हणजे साधं जेपेग, करून टाका. साधे प्लेयर फोल्डरमधली गाणी नावाने लावतच नाहीत, कार्डावर ज्या क्रमाने कॉपी झाली त्या क्रमाने वाजवतात. म्हणून नावाआधी ०१, ०२ घाला आणि त्याच क्रमाने कॉपी करा. देवनागरी टॅगही, म्हणजे फाइलमध्ये लिहिलेली गाण्याची-गायकाची नावंही, तपासा. नुसते चौकोन दिसले तर फॉन्ट नाही. अक्षरं दिसतात पण ‘किनारा’ची वेलांटी ‘क’च्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरं हलन्त दाखवून फुटतात, तर फॉन्ट आहे पण अक्षरजुळणी नाही. हे सेटिंग बदलून सुधारत नाही.

मेमरी कार्ड नवं असलं तरी एचटूटेस्टडब्ल्यू या कार्ड तपासणाऱ्या प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा. बनावट कार्ड सांगितलेली क्षमता दाखवतं आणि मग जुन्या फाइलींवरच लिहीत सुटतं.

बॅटरीचे छापील तास बहुतेक स्क्रीन बंद आणि आवाज मध्यम ठेवून मोजलेले असतात. त्यापेक्षा रात्री १०० टक्के करून नुसता ठेवा आणि सकाळी किती उतरली ते बघा. लिथियम-आयन बॅटरी काही शे चार्जनंतर उतरणारच, तेव्हा मागचं झाकण स्क्रूचं आहे की गोंदाने चिकटवलेलं, हे आजच विचारा.

आता आवाज. दोन प्लेयर तुलनेला घेताना पातळी आधी जुळवा, कारण १ डेसिबल मोठा वाजणारा बहुधा ‘जास्त खुला’ वाटतो. १०० हर्ट्झचा सूर वाजवून इअरफोन जोडलेला असतानाच मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजा आणि दोन्हीकडे शक्य तितकं सारखं करा. मग दुसऱ्या कुणालातरी तुमच्या नकळत वायर बदलायला सांगा. दहापैकी नऊ वेळा बरोबर ओळखलात तर फरक खरा. पाच-सहा वेळाच जमलं, तर ज्याची बटणं खिशात सापडतात तो घ्या.